चंद्रिकाताई

नाशिकला रविवार कारंज्याच्या बस स्टॉपवर पावसाची भुरभुर होती. ओझरची बस धरायला धावणारा एक तरुण यशोदावर आदळला आणि त्याच्या हातातली कागदांची गुंडाळी फुटपाथवर उलगडली. तिने वाकून पाहिलं, तर आकाशात झेपावणारा वज्रवीर. त्याच्या तोंडापुढचा संवादाचा फुगा मात्र कोरा.

"हे फुगे मी भरते," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे… ते सुंदर अक्षर तुमचं?"

१९७९ साल होतं. नाशिकच्या एका दैनिकात वज्रवीराची चित्रकथा रोज छापून यायची. ओझरच्या विमान कारखान्यात ड्राफ्ट्समन असलेला जयराम चित्रं काढून पाठवायचा आणि कचेरीत यशोदा त्यांत संवाद लिहायची. चार महिने दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं.

बस आली. त्याने ती जाऊ दिली.

त्यानंतर चित्रं द्यायला तो स्वतःच येऊ लागला.

"तुमचा 'ळ' फार ऐटदार असतो," तो म्हणायचा.

"आणि तुमच्या वज्रवीराचं नाक रोज बदलतं."

"तुम्ही समोर असलात की हात हलतो… काय करणार?"

ती मान खाली घालून दौतीत बोरू बुडवायची, पण हसू लपायचं नाही.

दिवाळीनंतर कथेत चंद्रिका आली. धीट वैमानिक, डाव्या डोळ्याखाली तीळ. वाचकांची पत्रं येऊ लागली, वज्रवीराचं हिच्याशी लग्न लावा म्हणून. आणि एका दुपारी जयरामबरोबर त्याच्या कारखान्यातली लता कचेरीत आली. तिच्या डाव्या डोळ्याखाली तोच तीळ.

"छान आलात चित्रात," यशोदा कोरडेपणाने म्हणाली.

"कसलं छान. जेवणाच्या सुट्टीत जयराम मला नुसता बसवून ठेवतो," लता हसली. "मान हलवली की रागावतो."

जयराम… रागावतो. यशोदाच्या काळजात कुसळ गेलं. ती अजून 'अहो जयराम'वरच अडली होती. आपल्याला त्याने कधी समोर बसवलं नाही, आणि हिच्या तिळासकट सगळं पाठ.

त्याच आठवड्यात चंद्रिकाने वज्रवीराला त्र्यंबकच्या डोंगरातल्या गुहेतून सोडवलं. जयरामने संवाद दिला होता: 'चंद्रिका, तुझीच वाट पाहत होतो.' यशोदाने तो वळणदार अक्षरात उतरवला. मग बोरू घुटमळला… आणि तिने नावापुढे दोनच अक्षरं वाढवली. 'चंद्रिकाताई, तुझीच वाट पाहत होतो.'

सकाळी अख्खं नाशिक हसत होतं. संपादकांनी दोघांना बोलावलं. ही नोकरी गेली तर यशोदाला घरचे दुसरीकडे कामाला पाठवणार नव्हते.

"हे कुणाचं डोकं?"

"माझं," जयराम शांतपणे म्हणाला. "चंद्रिका त्याची हरवलेली बहीण निघते. आता पुढे तसंच काढतोय."

जिन्यात तिने त्याला गाठलं. "खोटं का बोललात? ते मी लिहिलं होतं. मुद्दाम."

"ठाऊक आहे. का लिहिलंत?"

"ती तुम्हाला जयराम म्हणते… तुम्ही तिला तास तास बघत बसता." तिचा आवाज चिरकला. "मला सहन होत नव्हतं. झालं समाधान?"

तो कठड्याला टेकला. "तुम्हाला वाटलं ते अगदीच खोटं नव्हतं. लताने गेल्या महिन्यात मला विचारलं होतं, लग्न करशील का म्हणून."

यशोदाचा चेहरा उतरला. "मग?"

"मी तुमचं नाव सांगितलं. रडली बिचारी. तरी चित्र पूर्ण होईपर्यंत बसायला येत राहिली."

"तिला सांगितलंत…" यशोदा हळूच म्हणाली. "आणि मला?"

"तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता."

वरून कुणीतरी तिला हाक मारली. ती जागची हलली नाही.

"जयराम," ती म्हणाली, पहिल्यांदाच 'अहो' गाळून, "आता सांग."