चार बोटं कमी

ती गाडी दिसायच्या आधी ऐकू आली.

पुर्बालिंग्गा शहरात, सायलेंसरवाल्यांच्या गल्लीत दिवसभर पत्र्यावर हातोडे पडत असतात. त्या दुपारी मात्र सगळे हातोडे थांबले. भुरभुर पावसातून एक पिवळी मिनीबस गुरगुरत, थरथरत आली आणि सनमार्तोंच्या दुकानापुढे बंद पडली. ती चालवणाऱ्या वासिसला खरं तर चौकातल्या दुकानात जायचं होतं...

"कुठून आणलीत ही म्हैस?" सनमार्तोंच्या मुलीने, रुमियातीने विचारलं.

"शाळेची आहे! मी मास्तर आहे! वरच्या वाड्यांतून मुलांना आणतो!"

"गाडी बंद पडलीय, मास्तर. आता हळू बोललात तरी चालेल."

तो लाजला. "सवय झालीय... वाटेत मुलांना गोष्ट सांगतो ना. मागच्या बाकावरची ताती रोज उतरताना विचारते, शेवटी काय झालं? तिला नुसतं इंजिन ऐकू येतं."

रुमियातीला हे आवडलं. वडिलांची नजर अधू झाल्यापासून दुकानातली मापं तीच काढायची. तिने खडू घेतला आणि जमिनीवरच डबा काढला. डब्यात भोकांची नळी, नळीभोवती काचेचा कापूस. बारीक, कर्कश आवाज तिथेच जिरतो. "पण चढावर, ठरावीक वेगाला, एक जाड घुमणं उरतं. ते कापसाला दाद देत नाही. त्यासाठी ही बाजूची नळी. टोकाला बंद."

"बंद नळीचा काय उपयोग?"

"आवाज म्हणजे लाट. ती या नळीत शिरते, टोकाला आपटते, परत येते. तोवर बाहेरची लाट बदललेली असते. ही खाली जात असते, तेव्हा ती वर येते. दोघी भेटतात... आणि शांत."

"म्हणजे आवाजाला आवाजच गप्प करतो?"

"हो. फक्त परत यायला नेमका उशीर व्हायला हवा. नळी चार बोटं कमी पडली तरी फसलं."

"उशिरा येण्याचंही माप असतं?" तो हसला. तिने काळी झालेली बोटं पाठीमागे लपवली.

निघताना त्याने विचारलं, "एकदा केलं की किती टिकेल?"

"दहा वर्षं इकडे फिरकायला नको," सनमार्तो अभिमानाने म्हणाले.

दहा वर्षं! दुसऱ्या दिवशी नळी कापताना तो आकडा रुमियातीच्या डोक्यातून जाईना. करवत खुणेवर होती. मग ती हळूच सरकली... चार बोटं अलीकडे.

त्या दुकानाचा एक रिवाज होता. गाडी देण्याआधी मालकाने ती चढावर न्यायची आणि कारागिराने मागच्या बाकावर बसायचं. मालक साध्या आवाजात एक वाक्य बोलणार. ते कारागिराने दुकानात येऊन सगळ्यांसमोर जसंच्या तसं सांगितलं, तरच सनमार्तो सायलेंसरवर आपला शिक्का ठोकायचे.

"पाऊस आहे," रुमियाती म्हणाली. "परीक्षा नंतर घेऊ."

आठ दिवसांनी तो आला. हातात केळीच्या पानात गरम मेंदोआन भजी आणि हिरव्या मिरच्या. "थोडं घुमतंय अजून..."

तिने सायलेंसर टांगायची रबरं बदलली. थरथर गेली, घुमणं राहिलं. तो पुन्हा आला. पुन्हा मेंदोआन.

"गाडी आजारी आहे की ड्रायव्हर?" म्हातारे कारागीर दारसो काका मिरची चावत म्हणाले.

"काका, तोंड भरलेलं असताना बोलू नये."

चौथ्यांदा तो आला तेव्हा त्याचा आवाजच बसला होता. गळ्याशी हात नेऊन तो कुजबुजला, "डॉक्टर म्हणतात, ओरडायचं नाही. काल ताती म्हणाली, मास्तर, गोष्ट नको. तुमचा घसा दुखतो."

रुमियातीच्या हातातला पाना खाली आला.

"दुसरीकडे का नाही गेलात? गल्लीत वीस दुकानं आहेत."

"सगळे तेच म्हणतात. सनमार्तोंच्या मुलीचा हात कच्चा आहे म्हणे."

"आणि तुम्हाला?"

"मलाही तसंच वाटतं..." तो ओशाळून हसला. "तरी येतो."

हे मात्र तिला सोसवेना. "हात कच्चा नाही, मास्तर. मी नळी मुद्दाम छोटी कापली."

"मुद्दाम? का?"

"बाबा म्हणाले ना... दहा वर्षं."

तो पावसाकडे वळला. मग म्हणाला, "तू बुडवल्यास त्या मुलांच्या गोष्टी होत्या, रुमियाती."

रागावला असता तर बरं झालं असतं. तिने नवी नळी घेतली, दोनदा मोजली, कापली, जोडली. सनमार्तोंनी सगळं ऐकलं होतं. ते एवढंच म्हणाले, "आता परीक्षा. पाऊस असला तरी."

ती तातीच्या बाकावर बसली. गाडी चढाला लागली. घुमण्याची जागा जवळ आली... आली... आणि गेली. टपावरचा पाऊस पहिल्यांदाच ऐकू येत होता, थेंब न् थेंब.

मान न वळवता वासिस काहीतरी बोलला. बसलेल्या आवाजात, अगदी हळू. पुढची दोन वळणं ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिसऱ्या वळणावर तिचे ओठ हलले.

दुकानात परतल्यावर सनमार्तोंनी विचारलं, "काय ऐकलंस?"

हातोडे थांबले.

"बाबा, सगळ्यांसमोर?"

"रिवाज आहे."

तिने खाली बघत सांगितलं, "'घसा बरा होईपर्यंत गोष्टी तू सांगायच्या. आणि बरा झाल्यावरही... येशील माझ्याबरोबर?'"

"शब्द बरोबर आहेत, मास्तर?"

वासिसने मान हलवली. सनमार्तोंनी चष्मा पुसला, सायलेंसर चाचपला आणि शिक्का ठोकला.

"अरे, पण उत्तर काय दिलं पोरीने?" दारसो काकांना राहवेना. "आम्ही कुणी नाही ऐकलं!"

"मला ऐकू आलं," वासिस कुजबुजला. "पुढच्या सीटवर."