उसाच्या लग्नातले बोल्ट

"पुन्हा म्हण! एकदा म्हणूनच दाखव!" वेनिंग ओरडली.

"हजारदा म्हणेन! तुझ्या बापाने माझा रेडा, माझा गेम्बुल मारला!" प्रामुही मागे हटणाऱ्यातला नव्हता. "रुळांचे सांधे आवळायचं काम कुणाचं? तुझ्या बापाचं, पाक सारपान यांचं! आवळले का? नाही! म्हणून तर इथे या वळणावर गाडा उलटला, गेम्बुलचा पाय मोडला आणि दुपारी कसाई आला. झालं!"

दोघांच्या मधे वेनिंगची धाकटी बहीण गेंदिस तळलेलं केळं खात उभी होती. "तुमचं भांडण खूप वेळ चालणार आहे का?" तिने विचारलं. "नाही, एकच केळं उरलंय. म्हणून विचारते."

कुणीही हसलं नाही. एरवी सुट्टी लागली की हे तिघं रुळाच्या कडेने हुंदडत, आणि वेनिंग प्रामुला मान देऊन 'मास प्रामु', म्हणजे प्रामुदादा, म्हणायची, कारण तो तिच्याहून वर्षाने मोठा होता. यंदा तिने 'मास' गिळून टाकलं होतं. बापाला खुनी म्हणणाऱ्याला कसला मान द्यायचा?

केडुंगतालुनच्या साखर कारखान्याचा गळीत हंगाम तोंडावर आला होता. तिथे उसाचं लग्न लागल्याशिवाय गळीत सुरू होत नाही. नवरा ऊस आणि नवरी ऊस यांना नटवून, फुलांनी सजवलेल्या गाड्यात बसवून रुळावरून वरात काढायची, मंडपात लग्न लावायचं, आणि मग जोडीला गव्हाणीत सोडायचं. त्याआधी उसाचं एक कांडंही रुळावरून न्यायचं नाही, ही पणज्यांपासूनची रीत. यंदा मात्र कुणाच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, फडातून उसाचे गाडे आधीच निघाले. प्रामुचा रेडा पहिला गाडा ओढत होता. चिंचेच्या वळणावर गाडा रुळावरून घसरला आणि रेड्यासकट आडवा झाला.

फडांवर आणि रुळांवर हुकूम चालवणाऱ्या साहेबाला तिथे सिंदर म्हणतात. सिंदर हार्सोयो यांनी उभ्या उभ्या निवाडा केला, "सारपानने बोल्ट आवळले नाहीत!" वेनिंगच्या वडिलांचा पाना काढून घेतला गेला. रुळाला हात लावायची बंदी झाली. लग्नाच्या दिवशी कारखान्याचे मोठे साहेब शेवटचा निकाल देणार होते. तो विरुद्ध गेला की नोकरी जाणार आणि कारखान्याची खोलीही जाणार.

"बोल्ट सैल होते म्हणतोस ना?" वेनिंग दातओठ खात म्हणाली. "सैल बोल्ट गळून पडतात. मग पडले कुठे? शोध! एक जरी सापडला तरी मी तुझ्या घरी येऊन पाया पडेन!"

प्रामुने खडी उपसली, गवत उपटलं, हात काळे केले. एकही बोल्ट नाही! ते पुढच्या सांध्यावर गेले. दोन रुळांची टोकं जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या लावतात आणि आरपार बोल्ट घालून आवळतात. इथे पट्ट्या होत्या, पण बोल्टांच्या जागी गंजकी तार गुंडाळलेली. त्याच्या पुढचा सांधा पाहिला, तिथेही तारच!

"भोकात ताजं तेल आहे," प्रामु बोट हुंगत हळूच म्हणाला. "हे गळलेले नाहीत. कुणीतरी पाना लावून काढलेत."

"मग? आता कुणी मारला तुझा गेम्बुल?"

प्रामुने मान खाली घातली. गडी हट्टी होता, पण खोटा नव्हता. "माहीत नाही," तो म्हणाला. "पण शोधून काढू."

आधी संशय भंगारवाल्यावर गेला. त्याने दोघांना झाडूच दाखवला आणि म्हणाला, "कारखान्याचा शिक्का असलेला माल घेऊन मी तुरुंगात जाऊ?" बोल्ट सापडले ते गेंदिसला, आणि तेही चपलेमुळे! ती नवरी उसाची करवली होती. लग्नाच्या मंडपातल्या उंच चौथऱ्यावर तालीम करताना तिची चप्पल फळ्यांच्या फटीतून खाली गेली, म्हणून ती फळ्यांखाली शिरली आणि तिथूनच ताईला आणि प्रामुला हाक मारत किंचाळली, "म्बाक वेनिंग! मास प्रामु! इथे आपल्या बापाकचे बोल्ट आहेत!"

खरंच होते! मंडपाचे उंचच उंच खांब रुळांच्या बोल्टांनी एकमेकांना जोडलेले होते, आणि प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर कारखान्याचा शिक्का होता.

"हळू ग, हळू!" मंडपाचा सुतार वरून म्हणाला. "चोरीचे नाहीत ते. खुद्द सिंदरसाहेबांनी पाठवलेत. गेल्या वर्षी पलीकडच्या कारखान्याचा मंडप आपल्यापेक्षा उंच होता ना? केवढी नाचक्की झाली! यंदा उंच हवा, आणि एवढ्या उंचीला दोऱ्या पुरत नाहीत. साहेब म्हणाले, लग्नाआधी रुळावर चाक फिरत नाही. लग्न लागलं की बोल्ट परत नेऊ."

"आणि वरात? ती काय आकाशातून येणार?" वेनिंगने विचारलं.

"वरातीचा गाडा हलका असतो, पोरी. तेवढ्यापुरती तार पुरते म्हणाले."

"मग गाडे आधीच का सोडले?" प्रामुचा आवाज चिरकला.

"ते मोठ्या साहेबांचं काम. शहरातून पाहुणे येणार, फोटो निघणार. अंगणात उसाचा डोंगर दिसायला हवा होता त्यांना. सिंदरसाहेबांना विचारतो कोण!"

म्हणजे एका शहाण्याने रीत पाळली जाणार म्हणून बोल्ट काढले, आणि दुसऱ्या शहाण्याने तीच रीत मोडली. दोघांचं दोघांना ठाऊक नाही, आणि खापर फुटलं ते सारपानच्या डोक्यावर! वेनिंगला इतका राग आला की तिला रडूही येईना.

ती तशीच सिंदरच्या कचेरीत घुसली. हार्सोयो कॉफी पीत होते. सगळं ऐकून त्यांनी कप अगदी सावकाश खाली ठेवला.

"सुट्टीत मुलांनी पतंग उडवावेत," ते म्हणाले. "बोल्ट मंडपात आहेत, असं म्हणतेस? मग ते तुझ्या बापानेच सुताराला विकले असतील. सांगू का तसं मोठ्या साहेबांना? सुतार माझ्याविरुद्ध तोंड उघडणार नाही. त्यालाही पोटपाणी आहे."

घरी येऊन तिने वडिलांना सांगितलं. सारपान म्हणाले, "मला सगळं कळलं होतं, पोरी. तार मीही पाहिली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो ना सिंदरांना. म्हणून तर पाना गेला."

"बापाक, वरातीच्या गाड्यात आपली गेंदिस बसणार आहे!"

ते उठले आणि मोठ्या साहेबांना गाठायला तडक कारखान्याच्या फाटकाशी गेले. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "लग्नाच्या दिवशी ताप आला म्हणून गेंदिसला घरी ठेवू."

"आणि बाकीची मुलं? त्यांनाही ताप आणायचा का?" वेनिंग म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघांची बैठक प्रामुच्या आजोबांच्या भट्टीवर बसली. आजोबा, म्हणजे म्बाह केर्तो, विळे आणि कोयते घडवत. नातवाचा रेडा गेल्यापासून तेही आतून धुमसत होते.

"बोल्ट आणता येत नाहीत," वेनिंग जमिनीवर काडीने रेघोट्या मारत म्हणाली. "मंडप कोसळेल आणि चोर आपणच ठरू. म्हणजे बोल्टाशिवाय सांधा धरायला हवा. पट्ट्या आहेतच. त्यांना बाहेरून कुणीतरी घट्ट मिठी मारायला हवी."

"चिमट्यासारखी!" प्रामु म्हणाला. "रुळाच्या खालून चिमटा घालायचा, त्याचे दोन हात दोन्ही पट्ट्यांवर!"

"आणि चिमटा सैल पडला तर?"

"पाचर ठोकायची!"

म्बाह केर्तोंनी उलटलेल्या गाड्याच्या मोडक्या कमानी तापवून चिमटे वाकवून दिले. पाचरी चिंचेच्या लाकडाच्या. कारखान्यामागच्या पडक्या फाट्यावर सांध्यांच्या रांगेला चिमटे बसवून तिघांनी एक रिकामा गाडा ढकलला. गाडा छान गेला! गेंदिसने उड्या मारल्या. पण परत आणताना खण्ण! पाचर उडाली आणि चिमटा खाली पडला.

"जाताना बसते, येताना निघते," प्रामु वैतागला. "अगदी आमच्या शेजारच्या काकूसारखी!"

"थांब, थांब!" वेनिंगचे डोळे चमकले. "चाकाचा धक्का ज्या दिशेने जातो, तिकडे ठोकलेली पाचर आवळते. मग एका सांध्याला दोन चिमटे लावू! एकाची पाचर इकडून ठोकायची, दुसऱ्याची तिकडून. गाडा कुठूनही येऊ दे, एक तरी आवळणारच!"

तिने दोन्ही चिमटे लावले. मग रुळांच्या टोकांमधली बारीक फट दिसली, तेव्हा प्रामु तिच्यात लोखंडाचा तुकडा ठोकू लागला.

"फट बुजवू नका!"

तिघांनी दचकून पाहिलं. सारपान बांधाच्या पलीकडे उभे होते. रुळाला हात लावायची बंदी, म्हणून ते जवळ येत नव्हते. आपल्याच पोरींशी बोलायला त्यांना लांबून ओरडावं लागत होतं. "उन्हाने रूळ वाढतो! त्याला जागा नाही मिळाली तर तो वाकडा होईल! धरायचं घट्ट, पण कोंडायचं नाही!"

प्रामुने तुकडा काढून टाकला. गाडा गेला आणि आला, पुन्हा गेला आणि पुन्हा आला. सांधा जागचा हलला नाही. प्रामु बांधापर्यंत धावत गेला आणि मान खाली घालून म्हणाला, "पाक सारपान, मी तुम्हाला नको ते बोललो." त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

लग्नाच्या दिवशी पहाट फुटायच्या आत वरातीच्या वाटेवरच्या प्रत्येक तारेच्या सांध्याला दोन-दोन चिमटे बसले होते. ते सिंदरना सर्वांच्या आधी दिसले. सिंदर वरातीच्या पुढे चालत होते. चिमटा पाहिला की थबकायचे, घाम पुसायचे आणि पुढे जायचे. काढायला सांगायची हिंमत नव्हती, आणि कुणाचे म्हणून विचारायचीही नव्हती! चिंचेच्या वळणावर वेनिंगने श्वास रोखला. फुलांचा गाडा डुलला, चाकं सांध्यावर खडखडली, आणि गेंदिस डोक्यावरचा मुकुट सावरत सुखरूप पलीकडे गेली.

मंडपात लग्न लागलं. मोठे साहेब खुशीत होते. शहरातल्या एका पाहुण्याने मधेच विचारलं, "रुळाला ते चिमटे कसले लावलेत? नवीन युक्ती दिसते!"

"आमच्या सिंदरांची कल्पना असावी," मोठे साहेब म्हणाले. सिंदर चक्क हसले, आणि मानही डोलावली!

आता मात्र वेनिंगला राहवलं नाही. ती पायऱ्या चढून थेट वर गेली. "चिमटे आम्ही बनवलेत! सांध्यात बोल्ट नाहीत म्हणून बनवलेत!"

"बोल्ट नाहीत? मग आहेत कुठे?" पाहुण्यांनी विचारलं.

"इथे!" गेंदिस मुकुटासकट फळ्यांखाली शिरली होती आणि तिचा आवाज खालून आला. "तुम्ही सगळे त्यांच्यावरच उभे आहात! आणि इथला एक थोडा ढिला आहे!"

मंडप रिकामा व्हायला वेळ लागला नाही. शहरचे पाहुणे, त्यांच्या बायका, फोटोवाला, सगळे एकमेकांना ढकलत खाली! मोठे साहेब सगळ्यांच्या पुढे होते. सुताराने वाकून पाहिलं, मग सिंदरांकडे पाहिलं, आणि सर्वांदेखत म्हणाला, "मला यांनीच पाठवले हो. मी का खोटं बोलू?"

बोल्टांचं कोडं सुटलं. पण मोठे साहेब मोठे होते ते उगाच नाही. त्यांनी कपडे झटकले, ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि गोड आवाजात सुरुवात केली. "आपल्या मुलांची हुशारी पाहा! धन्य ते आईबाप! कारखान्यातर्फे तिघांना नवी दप्तरं! खालच्या पातळीवर थोडा गैरसमज झाला होता, तो मिटला. या आनंदाच्या दिवशी मी जाहीर करतो की सारपानला कारखान्याने माफ केलं आहे. उद्यापासून त्याने कामावर यावं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सिंदरही टाळ्या वाजवत होते. गर्दीतून सारपान पुढे आले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "उपकार झाले, साहेब."

वेनिंगला वाटलं, कुणीतरी आपल्या तोंडात मारली. तिने नुकतंच हातात दिलेलं दप्तर खाली ठेवलं. "माफ कशाबद्दल?" ती ओरडली. "बापाकने काय केलं? माफी तर तुम्ही मागायला हवी!"

"आणि माझ्या गेम्बुलला पण माफ केलं का?" प्रामु तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

मोठ्या साहेबांनी बोट हलवलं. वादकांनी घाईघाईने गामेलान सुरू केला. पितळी थाळ्यांच्या घणघणाटात मुलांचं बोलणं पहिल्या दोन रांगांपलीकडे गेलंच नाही.

घरी जाताना रुळांची देखभाल करणारे म्हातारे गँगमन वाटेत थांबून वेनिंगची पाठ थोपटत होते. "वाघीण आहेस ग! सांधा काय बनवलास! तुझ्या बापाचं नाव राखलंस!" म्बाह केर्तो म्हणाले, "माझ्या भट्टीत इतकी वर्षं लोखंड तापलं, पण असलं काम पहिल्यांदाच निघालं!" गेंदिस झोपेने पेंगुळली होती. तिला पाठीवर घेऊन सारपान पुढे चालत होते.

"तुम्ही वाकलात कशाला, बापाक?" वेनिंग शेवटी म्हणाली.

"वाकलो नसतो तर तुम्हा दोघींना आज कुठे झोपवलं असतं?"

तिने वाटेतला दगड रागाने लाथेने उडवला.

थोडं पुढे गेल्यावर सारपान थांबले. मागे न वळता म्हणाले, "तिथे गलका होता खरा. पण तू काय बोललीस ते मला ऐकू आलं. शब्द न् शब्द ऐकू आला. मला तेवढं पुरे."

तेवढं पुरे नव्हतं. वेनिंगला ते ठाऊक होतं, आणि तिच्या बापालाही.