मागची शिट्टी

सकाळी आगगाडीने पलीकडच्या गावी जायचं, हौशी पाहुणे गोळा करायचे आणि ओहोटीला मोरकॅम्बची खाडी चालत ओलांडून घराकडे यायचं, हा एस्थरचा उद्योग. जुन्या घोडागाड्यांची ती वाट. बूट गळ्यात अडकवायचे आणि आदल्या दिवशी रोवलेल्या फांद्यांची खूण धरायची. पुढे एस्थर, सगळ्यांत मागे तिचा धाकटा भाऊ विल्फ. पुढून शिट्टी वाजली की मागून एक यायलाच हवी.

दोन शिट्ट्या म्हणजे कोणीतरी वाळूत रुतलंय, धावा! वाटाड्याने या हाकेला नाही म्हणायचं नाही. गेल्या वर्षी बाबा असेच धावले. त्या दिवशी रुतलेलं कोणी नव्हतंच. बाबा मात्र परतले नाहीत.

"रेंगाळू नकोस रे," एस्थर म्हणाली.

"आई झालीस का माझी?" विल्फ हसला.

अर्ध्या वाटेत धुकं दाटलं. शेवाळाचा कुबट वास नाकात बसला. फांद्या जेमतेम दिसत होत्या. तिने शिट्टी वाजवली. मागून उत्तर आलं. पुन्हा वाजवली, पुन्हा आलं. विल्फ आहे, या एका आधारावर ती चालत राहिली.

काठावर पाहुणे धापा टाकत बसले. शेवटी विल्फ आला, चेहरा पांढराफटक.

"एस्थर, शिट्टी घरीच विसरलो गं... किती हाका मारल्या तुला!"

"मग उत्तर कोण देत होतं?"

तेवढ्यात धुक्यातून दोन शिट्ट्या आल्या.

विल्फ वळला. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. "सगळे आलेत. बाहेर कोणी नाही."

"बाबांनाही आपण हेच सांगितलं होतं..."

तिने त्याला ओढतच घरी नेलं आणि चुलीपाशी बसवलं. काही झालं तरी याला सोडायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. दाराशेजारच्या खुंटीवर त्याची शिट्टी लटकत होती. तिने ती काढून झटकली. आतून करडी, ओली वाळू पडली.

"विल्फ, हे बघ..."

दार उघडं होतं. त्याचे बूट चुलीपाशीच होते.

खाडीवरून दोन शिट्ट्या ऐकू आल्या. विल्फची शिट्टी तर तिच्या मुठीत होती. एस्थर खाली बसली आणि आपल्या बुटांच्या नाड्या सोडू लागली.