बिननावाचा बिल्ला

जुलै संपत आला होता. न्याहारीनंतर पोरांची सिरपाने चिकटलेली ताटं घासून टिल्डा तळ्याकडे निघाली. सोळा वर्षांची पोर. मिनेसोटाच्या उत्तरेला, पाइनच्या जंगलातला उन्हाळी कॅम्प, आणि टिल्डा तिथली शिकाऊ काउन्सेलर, लहान पोरांना सांभाळणारी. म्हणजे आईबापांनी पदरचे पैसे भरायचे आणि पोरांनी संडास घासायचे. कॅम्पचा संचालक ब्रेक्के ह्याला ‘नेतृत्व घडवणं’ म्हणायचा. फुकटच्या कामाला सुंदर नाव द्यायला म्हातारी माणसंच लागतात.

तरी टिल्डाला इथेच राहायचं होतं. आई नव्या नवऱ्याबरोबर अ‍ॅरिझोनाला निघून गेली होती. बाप ट्रक घेऊन महिना महिना रस्त्यावर. पुढच्या उन्हाळ्यासाठी पक्कं कुणाला घ्यायचं ते ब्रेक्के आज ठरवणार होता. तिला नाही घेतलं, तर जायला दुसरी जागाच नव्हती.

तळ्यावर धुकं इतकं दाट की धक्क्याचं टोक दिसेना. आत कुठेतरी लून पक्षी एकदा ओरडला आणि मधेच थांबला.

धक्क्यापाशी बिल्ल्यांचा फळा होता. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाचा एक गोल बिल्ला. लाल बाजू वर, म्हणजे माणूस पाण्यात. बाहेर आलं की उलटून पांढरी वर करायची. एकट्याने पाण्यात जायचंच नाही, म्हणून जोडीदारांचे बिल्ले एकाच खिळ्यावर. आणि शिट्टी झाली की दोघांनी एकमेकांचा हात धरून वर करायचा. शिकाऊ पोरांच्या जोड्या लागल्या की एक जण उरायचं. ती टिल्डा.

“काय गं, आज जोडीला कोण? बेडूक?” शिकाऊंतल्याच ऑगीने विचारलं.

“बेडूक तुझ्यापेक्षा बरा दिसतो.”

पोरं हसली. मग आपापल्या जोडीदाराकडे वळली.

“पोरी,” ब्रेक्के म्हणाला, “वेसच्या खिळ्यावर तो जुना बिल्ला आहे ना, तो तुझ्या खिळ्यावर घे. आजपासून तोच तुझा जोडीदार. नियम म्हणजे नियम.”

बिल्ल्यावरचं नाव उन्हाने पार उडालेलं. लाल बाजू वर. तो कुणी कधी उलटलेला तिने पाहिला नव्हता. वेस हा धक्क्यावरचा जीवरक्षक. सदा एकटा, डावा हात सदा खिशात. त्याने तोंड उघडलं, ब्रेक्केकडे पाहिलं आणि मिटलं.

टिल्डाने बिल्ला हलवला. सांगितलं ते ऐकलं. हीच तिची चूक.

बुडालेल्याला शोधायचा सराव होता. हातात हात घालून साखळी करायची आणि पायांनी तळ चाचपत पुढे जायचं. खोल बाजूचं टोक टिल्डाला दिलं. “नेत्याला टोकाला उभं राहता आलं पाहिजे,” ब्रेक्के काठावरून म्हणाला. त्याचे बूट कोरडे होते.

पाणी छातीला आलं. तळाशी मऊ चिखल, कुजक्या पानांचा वास. उजव्या हातात ऑगीचा गरम तळवा. डावा हात पाण्यात मोकळा.

आणि त्या मोकळ्या हातात बोटं आली. गार. एकेक करून, ओळखीच्या हातात घालावी तशी.

“ऑगी...”

“काय?”

“माझ्या पलीकडे... कोण आहे?”

“कोण असणार? टोक तूच की.”

शिट्टी झाली. सगळ्यांचे हात वर गेले. टिल्डाचा डावा हातही वर गेला. तिने तो उचलला नव्हता.

काठावर येऊन, दात वाजत असताना तिने ब्रेक्केला सांगितलं. तो दचकला नाही. एवढंच म्हणाला, “कोणता हात?”

“डावा.”

“छान. पुढच्या वर्षी तू पक्की.”

वेस धक्क्यावर बसला होता. आज त्याचा हात खिशाबाहेर होता. पांढराफटक, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखा सुरकुतलेला.

“दोन वर्षं माझ्याकडे होती,” तो पुटपुटला.

“कोण?”

“शिकाऊच होती, तुझ्याएवढी. ह्याच सरावात टोकाला. साखळी बाहेर आली तेव्हा ब्रेक्केने माणसं मोजलीच नाहीत. ती आतच राहिली. आता म्हणतो, कुणाच्या तरी हातात दिली की लहानग्यांना ओढत नाही.”

“आणि तू घरी का गेला नाहीस?”

“तिला एकटं टाकून?” वेस आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहिला.

टिल्डाच्या डोक्यात तिडीक गेली. चूक ब्रेक्केची, आणि धरायला हात पोरांचे! ती तडक फळ्याकडे गेली. सर्वांत वर ब्रेक्केचा बिल्ला. कधी न भिजलेला, कायम पांढरा. बिननावाचा बिल्ला काढून तिने त्याच खिळ्यावर लावला.

दुपारी छोटी पोरं पोहायला उतरली. शिट्टी झाली, इवले इवले हात वर गेले. धक्क्यावर उभ्या ब्रेक्केचाही डावा हात वर गेला. पोरांनी टाळ्या पिटल्या. ब्रेक्के हसला नाही.

“टिल्डा,” तो हलकेच म्हणाला, “काढ तो... काढ ना, पोरी.”

तिने नाही काढला. चांगलं वाटलं तिला. क्षणभरच. मग लक्षात आलं, अख्ख्या तळ्यावर पोरांत जोडीवाचून एकटी तीच उभी आहे.

संध्याकाळी ब्रेक्के जेवायला आला नाही. गावात गेला असेल, कुणीतरी म्हणालं. त्याची गाडी स्वयंपाकघरामागेच उभी होती.

टिल्डा अंधारायच्या आत फळ्यापाशी गेली. ब्रेक्केचा बिल्ला ओला होता, थेंब थेंब गळत होता. लाल बाजू वर.

आणि बिननावाचा तिच्या खिळ्यावर परत आला होता. पांढरी बाजू वर.

मागे धक्क्याच्या फळ्या करकरल्या. ओली, अनवाणी पावलं. पळायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण ह्या अख्ख्या उन्हाळ्यात आपणहून तिच्याकडे कोणी आलंच नव्हतं.

मागे न बघता तिने डावा हात उघडला.