तू मला पुरे झालीस

त्या दुपारी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला वारा असा सुटला होता की चर्चच्या टोकावरच्या पत्र्याच्या कोंबड्याला भोवळ आली. खोटं वाटतं? चैत्रालीला विचारा. तिची छत्री उडाली ती उत्खननाच्या कुंपणावरून थेट मध्ययुगीन विहिरीत.

“अगं आई गं... गेली.”

खालून चिखलाने माखलेला एक चेहरा वर आला. “हा छत्री तुझं आहे?”

नोकरीसाठी पुण्याहून आलेल्या चैत्रालीने इतकं मोडकं आणि इतकं गोड मराठी कधी ऐकलं नव्हतं.

“ही. तुझी,” तिने सुधारलं.

“माझं नाही, तुझं.”

तो वेद. जन्म लंडनच्या इल्फर्डचा, मराठी आजीच्या स्वयंपाकघरातलं. मग काय, रोज लंच ब्रेकला ती कुंपणाशी! तो तिला हाडाच्या कंगव्याचा तुकडा दाखवी, ती त्याचं व्याकरण दुरुस्त करी. कंगवा सातशे वर्षांचा होता, तरी व्याकरणापेक्षा धड होता.

पण शुक्रवारी खोदकाम संपत होतं, आणि वेदला यॉर्कचं मोठं काम चालून आलं होतं. चैत्रालीने आवाज जमेल तेवढा हलका ठेवला.

“मग... यॉर्क?”

वेदने हात पँटला पुसले. तिच्या डोळ्यांत पाहिलं. “चैत्राली, तू मला पुरे झालीस.”

ती वळली, आणि भर पावसात बसस्टॉपकडे चालू लागली.

वेद मागे धावला, तसा बुटांमधून पाव-पाव किलो इतिहास हाय स्ट्रीटवर सांडत गेला.

“रडतेस का? व्हॉट डिड आय से?”

“कंटाळलास ना मला? जा मग यॉर्कला.”

“कंटाळा? नो, नो... आजी पोळी वाढते, पोट भरला की म्हणायचं — पुरे. म्हणजे हॅपी. आणखी काही नको.” त्याने मान खाली घातली. “यॉर्कला सकाळीच नाही म्हटलं. इथल्या म्युझियममध्ये खापरं धुणार. तू पुरे.”

चैत्रालीच्या छातीवरचा धोंडा असा उतरला की फुटपाथ हादरला. येणारी बस म्हणे तिथेच थबकली.

“माणसाला तसं म्हणत नाहीत, वेडू,” ती डोळे पुसत हसली. “म्हणायचं — तू मला पुरतेस.”

तो बावरला. “पण पुरतेस म्हणजे... मातीत घालतेस ना?”

“तेही.” तिने त्याच्या नाकावरचा चिखल बोटाने टिपला. “आणि आता कुणी उकरून काढायला आलं, तरी निघायचं नाही.”

“चालेल,” वेद म्हणाला. आणि त्या एका शब्दात मात्र एकही चूक नव्हती.