अकरा वेळा वारलेला क्वाकू

शुक्रवारी सकाळी साडेदहाला घानातल्या आमच्या कुमासीच्या रेडिओ केंद्रात एक तरुण आला, घाम पुसला आणि म्हणाला, "मॅडम, मी वारलोय."

"कधी?" मी विचारलं. सवयच तशी. अंत्यविधीच्या सूचना माझ्याकडे असतात.

"दहाच्या बातम्यांत. अकरा वेळा. अकरा गावांत."

तो क्वाकू बोआहेन, चर्चचा चिटणीस. चर्चच्या वेबसाइटवर सगळ्या सूचना तोच लिहितो. त्या वेबसाइटच्या फीडमधून मृताचं नाव, गाव, वेळ आणि असल्यास मागे राहिलेली पत्नी असे रकाने वेचणारा प्रोग्राम मी आदल्या दिवशी पायथनमध्ये लिहिला होता. तो मृताऐवजी सूचना लिहिणाऱ्याचं नाव उचलत होता… आणि निवेदकाने न थबकता वाचून टाकलं होतं.

"घरी रडारड झाली असेल…"

"नाही. आई विचारतेय, एवढ्या बायका केल्यास कधी? एकही नाही हो, मॅडम. शपथ!"

हे तो मला का सांगतोय, ते कळेना. ऐकून मला बरं का वाटलं, ते तर मुळीच कळेना.

सगळे अंत्यविधी उद्या शनिवारीच. बाराच्या बातम्यांत दुरुस्ती गेली नाही, तर अकरा मंडप ओस पडणार. तो खुर्ची ओढून शेजारी बसला. मी प्रोग्राममधला एक शब्द बदलला. क्वाकू गेला, खरे मृत आले… पण दहाच. अकराव्या सूचनेतला वेळेचा रकाना आता गायब होता. प्रोग्राम तिथे आडवा झाला.

"वेळ काढून टाकलीत?"

"बेकवाई गावच्या आजी. घरच्यांचं वेळेवर एकमत होईना, म्हणून आज सकाळी काढली."

त्याने सात फोन केले. एकमत झालं तेव्हा बारा वाजून सहा मिनिटं झाली होती; बाकीच्या दहा सूचना वाचून झाल्या होत्या. पुढच्या सूचना थेट सोमवारी. त्याचं कोपर माझ्या कोपराला टेकलेलं… तो काढेना, मीही काढेना.

"आता तुम्ही जिवंत आहात," मी म्हटलं. "जाऊ शकता."

"हो…" तो दारापर्यंत गेला आणि परत आला. "उद्या बेकवाईला याल? आजींकडे कोणी फिरकणार नाही. निरोपाच्या नाचाला निदान दोघं तरी हवेत."

"हे सांत्वनाला बोलावताय, की—"

तो कानापर्यंत लाजला. "आधी सांत्वन. मग जेवण. मग… नाच संपला की सांगतो."

"काळं नेसू की पांढरं?"

"ब्याण्णव वर्षांच्या होत्या, भरभरून जगल्या. पांढरं."

घरी येऊन आईला म्हटलं, उद्या एका मुलाबरोबर अंत्यविधीला जातेय. आईने पेटीतलं सगळ्यात चांगलं पांढरं कापड काढलं, झटकलं आणि विचारलं, "मुलगा कोण?"

गेलं कोण, ते तिने विचारलंच नाही.