सुलतानवाल्या बाई

फोन खुनाचा होता, पण फोन करणाऱ्याला काळजी लागली होती ती भलतीच.

"जीप पाठवा, पण भोंगा वाजवू नका," तो म्हणाला. "आणि जमलं तर मागच्या गल्लीत लावा. दर्शनी बाजूला पोलिसांची गाडी बरी दिसत नाही."

"कोण बोलतंय?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

"वसाहतीचा अध्यक्ष."

"आणि मेलं कोण?"

पलीकडे जरा खाकरल्याचा आवाज आला. "नाव आता पटकन आठवत नाही बघा. आम्ही सगळे सुलतानवाल्या बाई म्हणतो. सुलतान म्हणजे त्यांचा कुत्रा. फार उमदं जनावर!"

बाईंनी फोन ठेवला. "चला हवालदार," त्या म्हणाल्या. "स्वर्गात कुणीतरी मेलंय."

ती वसाहत पुलापलीकडे होती. दुतर्फा झाडी, प्रत्येक घराला स्वतःचं फाटक, आणि शहराचा मध्यभाग म्हणे फक्त दहा मिनिटांवर. ही दहा मिनिटं वसाहतीच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर छापलेली होती. तिथली माणसं लग्नात, मयतात, दाताच्या खुर्चीवर तोंड उघडं असतानासुद्धा ती सांगायला विसरत नसत. पोलिसांच्या जीपला नुसता पूल ओलांडायला पाऊण तास लागला.

"आलात?" अध्यक्ष फाटकाशी उभे होते. "दहाच मिनिटांत!"

बाई त्यांच्याकडे टक लावून बघत राहिल्या. मग आत गेल्या.

म्हातारी तळघराच्या जिन्याखाली पालथी पडली होती. जिना अरुंद, दगडी. पोलीस डॉक्टर गुडघे झाडत उठला.

"पडली नाही, ढकललीय. पाठीवर काठीच्या टोकाचा गोल वळ आहे."

"कधी?"

"काल दुपार ते रात्र, यातलं काहीही धरा. तळघर थंडगार आहे. याहून नेमकं मला विचारू नका."

काठी वर दाराजवळच्या छत्र्यांच्या भांड्यात व्यवस्थित उभी होती. म्हातारी काठीशिवाय पाऊल टाकत नसे, हे नर्सनं सांगितलं. नर्स म्हणजे तिशीतली एक किडकिडीत बाई. दोन वर्षं ती इथं राहून म्हातारीची शुश्रूषा करत होती. रडून तिचे डोळे सुजले होते.

"मंगळवारी दुपारी मला सुट्टी असते," ती म्हणाली. "काल संध्याकाळी सातला परतले. बाईंच्या खोलीचं दार लावलेलं होतं. दार लावलं की उठवायचं नाही, हा त्यांचा हुकूम. सकाळी चहा घेऊन गेले तर अंथरूण रिकामं."

बाहेर काहीतरी गुरगुरलं आणि हवालदार किंचाळला. सुलतान. वासराएवढा, म्हातारा, खुनशी डोळ्यांचा. हवालदाराची पँट त्यानं गुडघ्याखाली मोकळी केली होती.

"धर गं त्याला!" हवालदार ओरडला.

नर्स भिंतीला चिकटली. "मी? गेल्या वर्षी माझी पोटरी धरली होती त्यानं. मी त्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही, हवालदार."

तेवढ्यात जिन्यावरून एक गुळगुळीत तरुण उतरला, खुंटीवरचा पट्टा काढला आणि एका हातानं सुलतानच्या गळ्यात अडकवला. कुत्रं कोकरासारखं बसलं.

"हा आमच्या दोघांचंच ऐकतो. आत्याचं आणि माझं," तो म्हणाला. "मी भाचा."

भाचा तीन वर्षं आत्याकडेच राहत होता. बँकेत साहेब होता. दुःखात होता, पण टाय नीट बांधलेला होता.

"काल कुठं होता?"

"पाचला घरून निघालो. सातला हॉटेलात बँकेचं जेवण होतं. वीस जणांनी बघितलंय मला, मध्यरात्रीपर्यंत."

"पाच ते सात?"

"गाडीत. पुलावर चक्का जाम होता. निघालो तेव्हा आत्या ठणठणीत होती. सहाला सुलतानला फिरवायची तिची वेळ. गल्लीत विचारा ना, सगळ्यांनी पाहिलं असेल."

"तुमची ओळख असेल सगळ्यांशी."

तो हसला. "ओळख? तीन वर्षं झाली. सुलतान बरोबर असला की नमस्कार चमत्कार, नसला की माझ्यातून आरपार बघतात."

हे वाक्य बाईंना आवडलं. या माणसाच्या तोंडून निघालेलं बहुधा तेवढंच खरं होतं, हे त्यांना नंतर कळलं.

मग बाई गल्लीत घरोघर फिरल्या. सगळ्यांनी आधी दारातलं पायपुसणं दाखवलं, मग खुर्ची.

समोरच्या घरातल्या दुसऱ्या एका बँकवाल्याची बायको म्हणाली, "पाहिलं की! सहाला सुलतानवाल्या बाई गेल्या समोरून. मी हातसुद्धा केला."

"अंगात काय होतं?"

"नवा लाल पट्टा. फार शोभतो त्याला."

"बाईंच्या अंगात."

"अय्या, ते कोण बघतंय!"

दातांचे डॉक्टर उंच, काटकुळे. त्यांची कुत्री जिप्सी म्हणजे कापसाचा गोळा. ते म्हणाले, "हो, मी म्हटलंही, आज गारठा आहे."

"त्या काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? सुलतान थांबला कुठं? सरळ पुढं निघून गेला."

"बाईंच्या हातात काठी होती?"

डॉक्टर विचारात पडले. "असणार. नेहमी असते."

अध्यक्षांची तक्रार वेगळी होती. त्यांचं घर विकायला होतं आणि रविवारी गिऱ्हाईक येणार होतं.

"मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण काल संध्याकाळी सुलताननं माझ्या फाटकासमोर घाण केली आणि बाईंनी ती उचलली नाही! बारा वर्षांत पहिल्यांदा! पिशवी आणि लांब दांड्याचं खोरं घेतल्याशिवाय त्या बाहेर पडत नसत. मी निषेधाचा फोन केला. कुणी उचलला नाही."

"किती वाजता?"

"लगेच. सुलतान वळणावरून घराकडे गेला आणि लगेच. पण ते सोडा. नर्सला कधी नेताय?"

"नर्सनं केलं, असं कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? सहाला बाई जिवंत होत्या, भाचा गावात. सातनंतर घरात ती एकटी. आणि शिवाय," अध्यक्षांनी आवाज खाली आणला, "ती बाहेरची आहे."

संध्याकाळी वरच्या साहेबांचा फोन आला. अध्यक्ष त्यांच्याबरोबर गोल्फ खेळत. नर्सला आत घ्या, परवा कोर्टात उभी करा, विषय संपवा.

नर्स कोठडीत गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. "बाई, खुनाचा ठपका बसला तर पुन्हा कुठल्या रुग्णाच्या उशाला मला कोण बसू देईल?" ती म्हणाली. "दुसरं काही येतच नाही मला."

 इन्स्पेक्टरबाई टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत. तिथं कोण कधी आलं, कोण कुणाशी भांडलं, हे जिन्यावरच्या सगळ्यांना तोंडपाठ असे. इथं अख्ख्या गल्लीनं एका बाईला फिरताना पाहिलं होतं आणि तिच्या अंगात काय होतं हे एकालाही सांगता येत नव्हतं.

"हवालदार," त्या म्हणाल्या, "लहान कुत्र्यांना घाबरता का?"

"किती लहान?"

"कापसाच्या गोळ्याएवढं."

दुसऱ्या दिवशी बाई एका वकिलाला भेटल्या, वाहतूक चौकीत जाऊन आल्या आणि संध्याकाळी क्लबाच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. गल्ली झाडून आली. भाचा पुढच्या रांगेत बसला, काळा टाय लावून. महिला शिपायानं एक किडकिडीत बाई आणून शेवटच्या रांगेत बसवली. बँकवाल्याच्या बायकोनं तिच्याकडे न बघताच आपली पर्स दुसऱ्या बाजूला घेतली.

"फार वेळ घेत नाही," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "एकच विचारते. दातांचे डॉक्टर आज फिरायला आले होते का?"

"आले होते की," अध्यक्ष म्हणाले. "मघाशीच. मी नमस्कार केला."

"मीसुद्धा!" बँकवाल्याची बायको म्हणाली. "जरा थकल्यासारखे वाटले."

"नक्की तेच?"

"अहो, रोज बघतो आम्ही! शपथेवर सांगू?"

आणखी चौघांनी हात वर केले.

तेवढ्यात दार उघडलं आणि डॉक्टर तणतणत आत आले, अंगात दवाखान्यातला ॲप्रन तसाच. "हा काय प्रकार आहे? दुपारी चारपासून मला पोलीस चौकीत बसवून ठेवलंय! एक सही घ्यायला तीन तास? आणि माझी जिप्सी कुठं आहे?"

जिप्सी त्यांच्या मागूनच आली. तिचा पट्टा हवालदाराच्या हातात होता. हवालदार साध्या कपड्यांत होता, पण त्याची मिशी झुडपाएवढी होती आणि पोट त्याच्याआधी हॉलमध्ये शिरलं.

"तीन फेऱ्या मारल्या, बाईसाहेब," तो म्हणाला. "लोक फार प्रेमळ. एकानं तर माझ्या दवाखान्याची चौकशी केली."

हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघेना.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. "मंगळवारी सहाला तुम्ही सुलतानला पाहिलं. एवढंच पाहिलं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे बघायची या गल्लीला सवयच नाही. म्हातारी असती तर दर खांबापाशी टेकत गेली असती. सुलतान तर ताडताड निघून गेला. म्हातारी असती तर अध्यक्षांच्या फाटकासमोरची घाण तिथं राहिली नसती. तेव्हा म्हातारी तळघरात पडलेली होती. काठी वापरणाऱ्यानं ती पुसून जागेवर ठेवली, कारण चांगल्या घरातला माणूस वस्तू जागेवर ठेवतो."

"मग कुत्रा कुणी फिरवला?" अध्यक्षांचा आवाज बसला होता.

"कुत्रा ज्याचं ऐकतो त्यानं. नर्सची पोटरी तो धरतो. माझ्या हवालदाराची पँट गेली. मालकिणीखेरीज तो एकाच माणसाचं ऐकतो, आणि सुलतान बरोबर असला की गल्ली सुलतानलाच बघते, हे त्याच माणसानं मला आपल्या तोंडानं सांगितलंय."

सगळ्या माना पुढच्या रांगेकडे वळल्या. भाचा उभा राहिला होता.

"मूर्खपणा आहे हा! पाच ते सात मी गाडीत होतो. पुलावर चक्का जाम!"

"चक्का जाम?" अध्यक्ष ताडकन उठले. "आपल्या पुलावर? काहीतरीच काय बोलता? दहा मिनिटं लागतात!"

"आमचे हे तर आठ मिनिटांत जातात," बँकवाल्याची बायको म्हणाली.

"असल्या अफवांनी घरांच्या किमती पडतात!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुम्ही सगळे खोटारडे आहात!" भाचा किंचाळला. "रोज तासभर सडता त्या पुलावर आणि वर तोंड करून..."

"कधी नव्हे ते हे सगळे खरं बोलतायत हो," बाई शांतपणे म्हणाल्या. "मंगळवारी संध्याकाळी पूल रिकामा होता. अलीकडच्या चौकात रस्ता खणला म्हणून गाड्या दुसरीकडून वळवल्या होत्या. वसाहतीतून जाणाऱ्याला मोकळं रान होतं. वाहतूक चौकीत विचारून आलेय. तुम्ही साडेसहाला निघालात आणि आरामात सातला जेवायला बसलात. पूल रोज तुंबतो, तेव्हा त्या दिवशीही तुंबला होता म्हटलं तर कोण तपासणार, असं धरून चाललात."

भाचा मटकन खाली बसला. गुळगुळीतपणा सगळा उतरला होता.

"हॉस्टेल करणार होती ती," तो म्हणाला. "आमच्या घराचं! नर्सांसाठी! तीस बायका, गच्चीवर दोऱ्या, दोऱ्यांवर कपडे, रात्रपाळीला जाणं येणं. बँकेत सगळ्यांना सांगून बसलोय मी की घर माझं आहे. या पत्त्यावर माझं लग्न ठरत होतं. तिला विनवलं, हातापाया पडलो. ती हसली आणि म्हणाली, जा रे, तळघरातून लोणच्याची बरणी आण. मी म्हटलं, तूच आण."

हॉलमध्ये हळहळ उमटली. बाईंनी कान दिला. ती म्हातारीसाठी नव्हती.

"हॉस्टेल?" डॉक्टर पुटपुटले. "आपल्या गल्लीत?"

"काहीतरी मार्ग काढता आला असता," बँकवाल्याची बायको म्हणाली आणि भाच्याकडे पहिल्यांदाच मायेनं पाहिलं.

हवालदारानं जिप्सी डॉक्टरांच्या हातात दिली आणि भाच्याला दंडाला धरून उठवलं.

अध्यक्ष लगबगीनं बाईंजवळ आले. "एक विनंती. पेपरात गल्लीचं नाव येऊ नये. आणि ते हॉस्टेलचं आता बारगळलं, असं समजायचं ना?"

"वकिलाला भेटले मी," बाई म्हणाल्या. "म्हातारीनं घर पंधरवड्यापूर्वीच लिहून दिलंय, नर्सांच्या संस्थेला. लिहून झाल्याचं भाच्याला सांगायचं तेवढं राहिलं होतं. घरासाठी ढकललं त्यानं तिला, आणि मिळालं काय? शून्य. पुढच्या महिन्यात पोरी राहायला येतील. त्यांच्यावर देखरेखीला बाई नेमलीय, तीही म्हातारीनंच निवडलेली."

"कोण?"

इन्स्पेक्टरबाईंनी शेवटच्या रांगेकडे मान वळवली. "ये गं. सुटलीस तू."

किडकिडीत बाई उठली. दोन्ही हातांनी तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली, आणि मग सावकाश सोडली. ती मधल्या वाटेनं पुढे आली तेव्हा लोकांनी पाय आखडून घेतले.

"या कोण?" बँकवाल्याची बायको कुजबुजली.

"दोन वर्षं तुमच्या समोरच्या घरात राहत होती," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "काल तुम्हीच सगळे मिळून हिला फासावर चढवायला निघाला होतात. आता शेजारीण आहे तुमची. चेहरा नीट बघून घ्या."